चार ते सहाची फळी

हे लिहायचं नाही, असं जवळजवळ ठरलंच होतं. खेळण्यांच्या दुकानातली गोष्ट. त्यात ना चोरी, ना मारामारी, ना प्रेमप्रकरण. कोण वाचणार, असं वाटलं. पण परवा त्या दुकानात एका बाईंनी विचारलं की इथल्या पाट्यांवर मुलांची वयं का लिहिलेली नाहीत, आणि गुरुजी नुसता हसला. बोलायला सांगितलं की थांबत नाही असा माणूस, आणि नुसता हसला. मग म्हटलं, आता सांगूनच टाकू.

गुरुजी हे काही त्याचं नाव नाही. बारावीनंतर त्याने पुस्तकांना कायमचा रामराम ठोकला आणि गल्लीतल्या काकूंच्या खेळण्यांच्या दुकानात कामाला लागला. तिथे पुस्तकांनीच त्याला गाठलं. दुकानात खेळण्यांच्या जोडीला लहान मुलांची पुस्तकं होती, आणि मूल कसं वाढतं ते आईबापांना सांगणारी जाडजूडही होती. गिऱ्हाईक नसलं की तो ती वाचायचा, पान न दुमडता, कारण ती विकायचीही होती. मग गिऱ्हाइकांना ऐकवायला लागला. हा बॉल खडबडीत का घ्यावा, ह्या पुस्तकाची पानं जाड का हवीत, एकच गोष्ट चाळीस वेळा ऐकायचा हट्ट पोरं का धरतात. लोक खेळणं घ्यायला येत आणि प्रवचन ऐकून जात. गल्लीने नाव पाडलं गुरुजी. आधी चिडवायला, मग सवयीने.

थंडी सरायला लागली की दुकानात एक मोठी उलथापालथ असते. घरात बसून खेळायचं सगळं वर जातं आणि बाहेरचं खाली येतं. छोट्या झाऱ्या, फावडी, चाळण्या, भिरभिऱ्या, रंगीत खडू, किडेमुंग्या बघायची भिंगं, बियांची आणि घरट्यांची पुस्तकं. ह्या सगळ्याला दुकानात एकच नाव, वसंताची फळी. आजवर ती काकू स्वतः लावायच्या. ह्या वर्षी त्यांचे गुडघे बोलायला लागले आणि त्यांनी जाहीर केलं की वसंत गुरुजीचा.

तो हवेतच गेला.

माल निवडण्याची त्याची स्वतःची तऱ्हा होती. झारी घेतली की अर्धी पाण्याने भरायची आणि एका करंगळीने उचलून बघायची. करंगळी दुखली तर दोन वर्षांच्या पोराचा हात दुखणारच. रंग ओल्या फडक्याने घासायचा, फडक्याला लागला तर माल परत. पुस्तक मोठ्याने वाचायचं, लागोपाठ तीनदा. तिसऱ्या वेळी स्वतःला जांभई आली तर त्या घरातल्या बापाला पहिल्या रात्रीच येणार. घरट्याचं एक पुस्तक त्याला फार आवडलं. दर पानावर एक झडप, झडपेखाली कोणीतरी लपलेलं, आणि शेवटच्या झडपेखाली काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ बघून मुलं का हसतात ह्यावर तो काकूंशी अर्धा तास बोलला. काकू म्हणाल्या, बोलून झालं असेल तर खोके फोड.

फळी उभी राहिली तेव्हा दृष्ट लागण्यासारखी दिसत होती. वर त्याने स्वतः रंगवलेल्या मोठ्या लाकडी पाट्या. एक ते दोन. दोन ते तीन. तीन ते चार. चार ते सहा. खालच्या कप्प्यात सगळ्यांत लहानांचं, वर जावं तसं मोठ्यांचं. खालीच एका पसरट ट्रेमध्ये जाडसर वाळू, कप आणि चाळणी ठेवलेली, आईबाप निवडत असताना पोरांनी हात घालावा म्हणून.

पाट्या हिट झाल्या. लोक आत येत, वय शोधत, उचलत, निघत. काकू खूश. गुरुजी तर आरशात बघून केस विंचरायला लागला.

एक गंमत मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू झाली, आणि ती त्याने हसण्यावारी नेली. आईबाप पाट्या परीक्षेच्या निकालासारख्या वाचायला लागले. आमची दोनचीच आहे हो, पण तुम्ही चारचं द्या, तिला सगळं येतं. एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन आले, त्याला धड बसताही येत नव्हतं, आणि त्यांनी तीन ते चारचं भिंग नेलं. एका बाईने दुसरीला विचारलं, तुझा अजून दोन ते तीनमध्येच का, आणि दुसरीने हातातली चाळणी गुपचूप परत ठेवली. गुरुजीला वाटलं, चालायचंच. माल तर जातोय.

आता वायरमनचं सांगायला हवं.

वायरमन म्हणजे गुरुजीचा लहानपणापासूनचा दोस्त. वायरिंगची कामं करतो म्हणून वायरमन. दोघं एका बाकावर बसले, एकाच विषयात नापास झाले. वायरमनला मुलगा झाला तेव्हा वहिनींसाठी पेज घेऊन हॉस्पिटलच्या जिन्यावर पळणारा गुरुजीच होता. पोराला तो मुंगळा म्हणायचा, कारण रांगायला लागल्यापासून ते पोर कपाटामागे, पलंगाखाली, जिथे फट दिसेल तिथे शिरायचं. रांगायला मात्र उशिरा लागलं. चालायला त्याहून उशिरा. साडेचार वर्षांचा झाला तरी मोजून पाच-सहा शब्द. डॉक्टर म्हणाले होते की येईल सगळं, पण सावकाश येईल, आणि किती सावकाश ते आत्ता सांगता येणार नाही. अंगानेही लहानखुरा. कोणी विचारलं तर वायरमन सांगायचा, अडीच. अडीच म्हटलं की समोरचा माणूस पोराचा गाल ओढून पुढे जातो. साडेचार म्हटलं की तोच माणूस थांबतो, पोराकडे नीट बघतो आणि मग आवाज खाली आणून चौकशा करतो.

हे गुरुजीला माहीत नव्हतं. म्हणजे मुंगळ्याचं माहीत होतं, पण बाप बाहेर अडीच सांगतो, हे नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी दुकान भरलेलं होतं आणि गुरुजी शिडीवर चढून भिरभिऱ्या लटकवत होता. वायरमन मुंगळ्याला घेऊन आला. पोर सरळ वाळूच्या ट्रेपाशी गेलं आणि फतकल मारून बसलं. कपात वाळू, कपातून चाळणीत, चाळणीतून पुन्हा ट्रेमध्ये. शेजारी एक बाई आपल्या मुलीसाठी झारी बघत होत्या. त्यांनी कौतुकाने विचारलं की किती वर्षांचा. वायरमन म्हणाला, अडीच.

आणि शिडीवरून गुरुजीचा खणखणीत आवाज आला.

"अडीच कुठला रे? साडेचार पूर्ण झाले की त्याला. त्याला तिथे कशाला बसवलंस, इकडे आण, चार ते सहाच्या फळीवर."

मनात काही वाईट नव्हतं. दिवसभर तो वयंच सांगत होता, वयंच ऐकत होता. समोर चुकीचं वय आलं आणि जिभेने आपोआप दुरुस्त केलं. शिवाय त्या पोराची जन्मवेळ आपल्याला तोंडपाठ आहे, ह्याचा थोडा तोराही होता.

त्या बाईंनी मुंगळ्याकडे पाहिलं. मग वायरमनकडे. मग आपल्या मुलीचा हात धरून दुसऱ्या बाजूला गेल्या. वाईट वागल्या असंही नाही, त्यांना काय करावं ते कळलं नाही, एवढंच.

वायरमनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने पोराला दंडाला धरून उठवलं, चार ते सहाच्या फळीवरून तुकडे जोडून बागेचं चित्र करायचं मोठं जिगसॉ उचललं आणि भरगच्च अक्षरांचं बियांचं पुस्तक उचललं. काउंटरवर काकूंना पैसे दिले आणि बाहेर पडला. मुंगळ्याने दारापर्यंत गळा काढला. गुरुजी शिडीवरून ओरडला की अरे थांब, चहा पिऊन जा. दार लागलं.

त्याला तेव्हाही कळलं नाही. उलट वाटलं, वा, घेतलं की शेवटी योग्य वयाचं.

पुढच्या आठवड्यात वायरमनने फोन उचलला नाही. काकूंच्या दुकानातला एक दिवा फडफडत होता, त्याला बोलावलं तर त्याने दुसऱ्याच माणसाला पाठवलं. तेव्हा कुठे गुरुजीच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

मग वहिनी आल्या. दुपारची वेळ, दुकान रिकामं. त्यांनी जिगसॉचा खोका काउंटरवर ठेवला आणि विचारलं, परत घेता का. गुरुजी तोंड उघडतो न उघडतो तोच त्यांनी हात वर केला. आज तुम्ही ऐका भाऊजी, म्हणाल्या. रोज कामावरून आला की तो हे चित्र पसरून बसतो. पोराला मांडीत दाबून धरतो, तुकडा हातात कोंबतो, इथे लाव म्हणतो. पोर तुकडा चघळतं नाहीतर फेकतं. मग ह्याचा आवाज चढतो, पोर रडतं, आणि हा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतो, मला ऐकू येऊ नये म्हणून. आधी दोघं संध्याकाळी जमिनीवर लोळायचे. आता बापाच्या चपलांचा आवाज आला की मुंगळा पलंगाखाली जातो.

गुरुजीने खोका उघडला, वरच्याच तुकड्यावर दातांच्या खुणा होत्या.

"तो बाहेर अडीच सांगतो हे मलाही पटत नाही," वहिनी म्हणाल्या. "आमची त्यावरून भांडणं होतात. पण खरं कधी सांगायचं, ते त्याचं त्याला ठरवू द्यायचं होतं भाऊजी. तुम्ही शिडीवर चढून सांगितलंत."

खोका तिथेच ठेवून त्या गेल्या. पैसे परत घ्यायला थांबल्याही नाहीत.

गुरुजी फळीसमोर जाऊन उभा राहिला. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपण खेळणी लावली. प्रत्यक्षात आपण पोरांना उभं केलं होतं, उंचीप्रमाणे, आणि कोण कुठे कमी पडतं ते आईबापांना रंगीत अक्षरांत दाखवलं होतं. निवड चांगली होती. झाऱ्या चांगल्या होत्या, पुस्तकं चांगली होती, त्यावर त्याचा अजूनही पूर्ण विश्वास होता. वाकडं होतं ते फक्त वरचं लाकूड. तो असल्या बाबतीत कुढत बसणारा नाही. त्याने शिडी आणली आणि पाट्या उतरवायला घेतल्या.

काकू आतून आल्या आणि त्यांचा पारा चढला. ह्या दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाचं पहिलं वाक्य काय असतं, त्यांनी विचारलं. तीन वर्षांच्या मुलासाठी काय आहे, हेच ना? मग त्याला काय सांगणार, पंचांग बघ? आणि एखाद्या वर्षाच्या पोराच्या घशात मणी अडकला तर?

गुरुजीने उत्तर तयारच ठेवलं होतं. घशात अडकेल असं जे जे आहे ते सगळं काउंटरच्या मागे, आपण हाताने काढून देऊ तेव्हाच मिळेल. खोक्यांवरच्या सूचना आहेत तशाच राहतील, त्यांना हात लावायचा नाही. बाकीच्याची मात्र नवी मांडणी. काकूंनी त्याच्याकडे, मग जिगसॉच्या खोक्याकडे पाहिलं. वहिनींचं बोलणं त्यांनी पडद्यामागून ऐकलं असणार, त्या दुकानातलं काहीच त्यांच्या कानांतून सुटत नाही. म्हणाल्या, रविवारपर्यंत. धंदा बसला तर पाट्या तूच परत ठोकायच्या, आणि ह्या वेळी मी धरणार नाही शिडी.

त्याने रात्री घरी बसून नव्या पाट्या रंगवल्या. ओतणं आणि चाळणं. रचणं आणि पाडणं. ढकलणं, ओढणं. लपलेलं शोधणं. मातीत हात. मांडीवर बसून ऐकणं. झडपांचं पुस्तक भिंगाशेजारी गेलं, कारण दोन्ही शोधायचीच कामं. मुठीत मावणारी चाळणी आणि वाळू ओतली की फिरणारी मोठ्या मुलांची चक्की एकाच कप्प्यात बसली.

पहिला दिवस वाईट गेला. लोक आत येऊन गोंधळायचे. एक गृहस्थ म्हणाले की तुमच्याकडे वर्गवारीच नाही, आणि निघून गेले. दुसऱ्या एका बाईंनी सगळी फळी दोनदा बघितली आणि शेवटी फुगे घेऊन गेल्या. काकू काउंटरवर बसल्या होत्या आणि रविवार किती लांब आहे ते त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजीने आपलं तोंड कामाला लावलं, पण उलट्या बाजूने. सांगणं बंद, विचारणं सुरू. एका आजीने विचारलं की तीनचं कुठे आहे. तो म्हणाला, आजी, ते राहू द्या, सध्या घरात त्याचे उद्योग काय चालतात ते सांगा. आजीचा चेहरा उजळला. ती म्हणाली, मेला सगळ्यांच्या चपला रांगेत लावतो, आणि एक जरी हलवली तरी घर डोक्यावर घेतो. गुरुजीने तिला ढकलायची गाडी दाखवली, मागे एकेक डबा जोडत जाणारी, आणि एक पुस्तक, ज्यात पानोपानी एक बदक रांगेतून निसटतं. आजी दोन्ही घेऊन गेली आणि संध्याकाळी सुनेला घेऊन परत आली.

मग लोक बोलायलाच लागले. आमची कुंड्यांतली माती उपसते. आमचा भिंतीला कान लावून बसतो. आमची एकच पान पुन्हा पुन्हा उघडते आणि दुसऱ्या पानाला हात लावला तर चावते. जे एरवी तक्रार म्हणून सांगायचे ते आता मिशीला पीळ देत सांगत होते. एक आई म्हणाली, आमच्या ह्यांना आणते, ते अजून नळाखाली बोट धरून पाणी उडवतात, त्यांना कुठल्या कप्प्यात घालाल? दुकान हसलं. सगळेच खूश होते असं नाही, काहींना चारचं हवं म्हणजे चारचंच हवं होतं, ते मिळालं नाही म्हणून ते रागावून गेले. पण शनिवारी काकू म्हणाल्या की चाळण्या संपत आल्यात, अजून मागव. रविवारचा विषय परत निघाला नाही.

त्याच रविवारी सकाळी गुरुजी वायरमनच्या घरी गेला. रिकाम्या हाताने. वहिनींनी दार उघडलं, त्याचे हात बघितले आणि म्हणाल्या, नवलच आहे. तो म्हणाला, आज द्यायला नाही आलो, बघायला आलोय.

वायरमन बाथरूमच्या दारात पाटावर बसला होता. आत मुंगळा उघडाबंब, बादलीसमोर. गुरुजी त्याच्या शेजारी जमिनीवर टेकला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"चुकलो," गुरुजी म्हणाला. "तुझी गोष्ट होती, मी सांगून मोकळा झालो."

वायरमनने बादली पोराजवळ सरकवली. मग म्हणाला की त्या बाईचं त्याला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते स्वतःच्याच वागण्याचं. तू ओरडलास आणि मी पोराला वाळूतून ओढलं. तू नाही ओढलंस, मी ओढलं. तो इतका मजेत होता.

आत मुंगळ्याने प्लास्टिकचा मग बादलीत बुडवला आणि पाणी एका पेल्यात ओतायला लागला. दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून. पाणी चढत गेलं, काठापर्यंत आलं, आणि सांडणार असं वाटतं तिथे त्याने हात थांबवला. थेंबही खाली नाही. पेला रिकामा केला आणि म्हणाला, "अजून." पुन्हा ओतलं. पुन्हा काठावर थांबला.

गुरुजी पुढे सरकला. हे कधीपासून, त्याने विचारलं. वायरमन म्हणाला, पाच-सहा दिवस. ते जिगसॉचं चित्र गेलं त्या दिवसापासून रोज इथेच बसतो, मीही बसतो. गुरुजीला आता राहवेना. अरे, हा थांबतोय, तो म्हणाला. डोळ्याने बघून हात थांबवतोय, ही साधी गोष्ट नाही. आता ह्याला निमुळत्या तोंडाची बाटली लागेल, आणि एक नरसाळं. मग ते जमलं की झारी, हा झाडाच्या बुडाशी बरोब्बर पाणी घालेल, बघशील. पुस्तक हवं ते असं, की पानावर एकच गोष्ट आणि ती ह्याने हाताने हलवायची. माझ्याकडे आहे एक.

"म्हणजे लहान मुलांचंच," वायरमन म्हणाला.

गुरुजी थबकला. प्रवचन जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं. म्हणाला, ते कोणाचं आहे ते मला नाही माहीत. ह्याला आज संध्याकाळी उपयोगी पडेल, एवढं मात्र छातीठोक सांगतो.

वायरमन हसला. फार नाही, पण हसला. पोराने त्याच्या पायावर पेला उपडा केला आणि दोघंही ओले झाले.

टॉवेल शोधताना वायरमन म्हणाला की पोराला तो कायम भर दुपारी बागेत नेतो. तेव्हा तिथे कुत्रंही नसतं. वाळूच्या हौदात मुंगळा एकटाच. आज संध्याकाळी न्यायचं ठरवलंय, सगळी पोरं असतात तेव्हा. वहिनींना अजून सांगितलं नव्हतं, आधी गुरुजीलाच सांगत होता.

"तू येशील का?" त्याने विचारलं. "पण एक आहे. तिथे बाया असणार. त्या विचारणार, किती वर्षांचा."

"विचारू देत."

"मी खरं सांगायचं म्हणतोय. जमेल की नाही माहीत नाही. पण तू बोलायचं नाहीस."

गुरुजीने ओला हात पँटला पुसला आणि त्याच्यापुढे धरला.

"मी वाळूची बादली धरीन," तो म्हणाला. "तू साडेचार म्हण, अडीच म्हण, ऐनवेळी ऐंशी म्हण. मी मान डोलावणार नाही की हलवणार नाही. शब्द दिला तुला."